गुहागर-चिपळूण रोज, मुंबई अधूनमधून: इलेक्ट्रिक गाडी निवडण्याआधी पडवीतलं सॉकेट तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गुहागर तालुक्यात घर, नोकरी चिपळूणला, जाऊन-येऊन रोज नव्वदेक किलोमीटर. वर्षातून पाच-सहा वेळा मुंबई, दोन-तीनदा कुंभार्ली घाट चढून कऱ्हाड. घरी वयस्कर वडील, बजेट पंधरा-सोळा लाख. आणि बाजारात इतक्या इलेक्ट्रिक गाड्या आल्यात की कोणती घ्यावी ते सुचत नाही. पाचशे किलोमीटर रेंजवालीच घ्यावी का, की अजून दोन वर्षं थांबावं? घाटात आणि पावसात भरवसा किती?

मी चिपळूण पट्ट्यात गाड्यांची इलेक्ट्रिकची कामं करतो आणि गेल्या काही वर्षांत घरोघरी चार्जर बसवून देतो. गाडी विकत नाही, त्यामुळे कुठल्या कंपनीची बाजू घ्यायचं कारण नाही.

तुम्ही गाडी विचारताय, पण कोकणात निम्मा निर्णय घराची वायरिंग घेते आणि उरलेल्यातला बराचसा मुंबईच्या वाटेवरचा एक थांबा. ही दोन कोडी सुटली की पंधरा-वीस नावांची यादी दोन-तीन गाड्यांवर येते. म्हणून आधी घर.

आपल्याकडचं घर म्हणजे जांभ्याचं जोतं आणि खाली कातळ. पावसाळ्यात जमीन ओली असते तोवर अर्थिंग ठीक वाटते. मार्चनंतर कातळ सुकला की तीच अर्थिंग नावापुरती उरते. पंखा, टीव्ही, फ्रिज अर्थिंगवाचूनही चालत राहतात, म्हणून वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही. गाडीचा चार्जर मात्र आधी अर्थिंग तपासतो आणि नसेल तर लाल दिवा लावून बसतो. मग मालक शोरूमला फोन करतो, 'चार्जर खराब दिलात.' अशा घरी मी गेलो की बहुतेक वेळा चार्जर चांगला निघतो.

तपासायचं कसं ते सांगतो. गावातल्या वायरमनला बोलवा आणि जिथे गाडी लावणार त्या पडवीतल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर मल्टिमीटर लावायला सांगा. फेज-न्यूट्रल समजा २२५ व्होल्ट आलं, तर फेज-अर्थही जवळपास तेवढंच यायला हवं आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ १४०-१५० दाखवत असेल किंवा आकडा इकडेतिकडे भटकत असेल, तर अर्थची वायर कुठेतरी नुसती लोंबकळतेय. एवढ्यावर थांबू नका. विहिरीचा पंप आणि गिझर दोन्ही चालू करून पुन्हा मोजा. लोड आल्यावर व्होल्टेज १९० च्या खाली घसरलं किंवा न्यूट्रल-अर्थ पाच-सात व्होल्टच्या पुढे गेलं, तर गाडी रात्रभर नीट चार्ज होणार नाही, मध्येच बंद पडेल. आणि हे सगळं एप्रिल-मे महिन्यात बघा. जुलैत घेतलेलं रीडिंग फसवं असतं.

इथे एक जुगाड सर्रास चालतो. सॉकेटच्या आतच न्यूट्रलची वायर अर्थच्या पिनला जोडतात. चार्जर फसतो, हिरवा दिवा लागतो, सगळे खूश. पण त्या सर्किटची न्यूट्रल कुठे तुटली तर गाडीचा अख्खा पत्रा फेजवर येतो, आणि ओल्या खळ्यात अनवाणी उभा असलेला माणूस दार उघडायला हात लावतो. वायरमन कितीही ओळखीचा असला तरी हे करू देऊ नका.

खरा उपाय म्हणजे नवीन अर्थिंग, तीही कातळावर नको. तुमच्याकडे आगर असेलच. विहिरीजवळ किंवा माडांच्या आळ्याशेजारी जिथे खोल माती आहे, तिथे तीन मीटरचा पाईप उभा उतरवा आणि तिथून तांब्याची जाड वायर घरापर्यंत आणा. अंतर वाढलं तरी चालेल, माती हवी. सभोवती कातळच असेल तर बोअर मारून आत बेंटोनाइट, म्हणजे ओल धरून ठेवणारी माती, भरावी लागते, तो खर्च बऱ्यापैकी आहे. चार्जिंगसाठी मीटरपासून स्वतंत्र वायर ओढा: साध्या १६ अँपिअरच्या सॉकेटला ४ चौरस मिलिमीटर तांब्याची पुरते, वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवरचा जास्त ताकदीचा चार्जर, लावणार असाल तर ६ ची. सोबत स्वतंत्र एमसीबी (जास्त लोड आला की पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) आणि सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक आलेला झटका अडवणारा). सर्ज प्रोटेक्टर मी आपल्या भागात सक्तीचाच समजतो, कारण मे महिन्यातल्या वळवाला आणि ऑक्टोबरात परतीच्या पावसाला विजा कशा पडतात ते तुम्हाला सांगायला नको. गडगडायला लागलं की प्लग काढून ठेवायचा.

आता वीज किती लागेल ते बघू. बॅटरीचा आकार किलोवॉट-तासात सांगतात, म्हणजे आपलं मीटरवरचं युनिट. मध्यम आकाराची गाडी आपल्या वळणावळणाच्या रस्त्यावर एका युनिटमध्ये साधारण सात किलोमीटर जाते. नव्वद किलोमीटरला तेरा युनिट, चार्जिंगमध्ये वाया जाणारे धरून पंधरा. साधं १६ अँपिअरचं सॉकेट तासाला अडीच-तीन युनिट देतं, म्हणजे पाच-सहा तासांचं काम. ट्रान्सफॉर्मरपासून लांब, लाइनच्या शेपटाला असाल आणि व्होल्टेज पडत असेल तर आठ तास धरा. तुम्हाला वॉलबॉक्सची गरज नाही, थ्री-फेज तर मुळीच नको. गाडीत चार्जिंगची वेळ लावता येते. रात्री अकरानंतर लावा, तोवर वाडीतले पंप आणि टीव्ही बंद होऊन व्होल्टेज सुधारलेलं असतं. महावितरणकडे मंजूर भार किती आहे तेही बिलावर बघून घ्या. जुन्या घरांना बऱ्याचदा एकच किलोवॉट असतो, तो वाढवून घ्यावा लागेल.

पैशाचं गणित मात्र विक्रेता सांगतो तितकं गोड नाही. महिन्याला पंचवीस दिवस धरले तर पावणेचारशे युनिट तुमच्या घरगुती वापरावर चढणार. घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतो, आणि तीनशेच्या पुढच्या टप्प्यांत सगळे आकार धरून युनिट पंधरा रुपयांच्या पुढे पडू शकतं. म्हणजे गाडीचं बिल सहा हजारांच्या घरात. तेवढ्याच सव्वादोन हजार किलोमीटरला पंधराच्या ॲव्हरेजने पेट्रोल दीडशे लिटर, म्हणजे पंधरा हजारांच्या वर. बचत आहेच आणि चांगली आहे, पण 'किलोमीटरला एक रुपया' हे तुमच्या घरी होणार नाही. दोन मार्ग आहेत. वाहन चार्जिंगसाठी महावितरणचा वेगळा दरवर्ग आहे, त्यात स्वतंत्र मीटर घ्यायचं परवडतं का ते उपविभाग कार्यालयात विचारा. दुसरा मार्ग छतावरचं सोलर. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं आणि स्वच्छ उन्हात दिवसाला बारा युनिटच्या आसपास निघतात. जून ते सप्टेंबर त्यातून फार अपेक्षा ठेवू नका. माडाची सावली छतावर येत असेल तर तो नाद सोडा.

आता तुम्हाला छळणारा प्रश्न, रेंज. कंपनीचा आकडा प्रयोगशाळेतल्या चाचणीचा असतो. मी त्याचे पासष्ट ते पंचाहत्तर टक्के धरतो. टाटाची ४५ युनिटची नेक्सॉन घ्या: छापील ४८९, पण कंपनी स्वतःच सी-७५ नावाचा (शंभरातल्या पंचाहत्तर ग्राहकांना प्रत्यक्षात मिळेल असा) दुसरा आकडा सांगते तो ३५० ते ३७५. एसी लावून, चार माणसं आणि आंब्याच्या पेट्या भरून हायवेने निघालात तर २८० ते ३०० धरा.

गुहागरहून मुंबई २९० किलोमीटरच्या आसपास. ४५ युनिटच्या गाडीला वाटेत एकदा थांबावंच लागेल. ६० युनिटची गाडी कागदावर न थांबता जाईल, पण वडील सोबत असताना तुम्ही सहा-सात तास न थांबता जाणार आहात का? चहा, नाश्ता, लघवी यात तासभर जातोच. तोच तास चार्जरजवळ घालवायचा एवढाच बदल. उलट ३० युनिटच्या गाडीला दोन थांबे लागतात, आणि दुसरा थांबा नेमका पेणच्या पुढच्या ट्रॅफिकमध्ये जीव काढतो. म्हणून तुमच्यासाठी ४० ते ५० युनिट. त्याहून मोठी बॅटरी म्हणजे वर्षातल्या पाच-सहा दिवसांसाठी चार-पाच लाख जास्त मोजणं आणि उरलेले दिवस ते वजन शृंगारतळीच्या चढाला ओढत फिरणं.

थांबा निवडताना एक पथ्य पाळा. एकच गन (गाडीत लावायचा चार्जिंगचा प्लग) असलेल्या चार्जरच्या भरवशावर निघू नका, तो बंद असेल किंवा कोणी लावून जेवायला गेलेला असेल. पुढे वीस-तीस किलोमीटरवर दुसरा पर्याय राहील इतकी बॅटरी शिल्लक असतानाच थांबा. माझ्या हिशोबात वीस टक्क्यांच्या खाली जाणं म्हणजे उगाच घोर. ८० टक्क्यांनंतर फास्ट चार्जिंग मंदावतं, तिथे शंभरची वाट बघत बसू नका, मागे रांग असते. गणपतीत चाकरमान्यांची झुंबड असताना इलेक्ट्रिक गाडीने हायवेला लागायचं तर मध्यरात्री चार्जिंग होईल अशी वेळ धरा, नाहीतर सरळ कोकण रेल्वे. परतीच्या अनंत चतुर्दशीलाही तेच. मुंबईत नातेवाइकांच्या सोसायटीत गाडी लावायला मिळेल का, तेही आधी विचारा. कित्येक सोसायट्या पाहुण्याला सॉकेट देत नाहीत. अटल सेतूने जात असाल तर इलेक्ट्रिक कारना २०२५ च्या राज्य धोरणानुसार तिथे टोलमाफी आहे.

घाटाची भीती मात्र अनाठायी. साधं भौतिकशास्त्र आहे: दीड-दोन टनाच्या गाडीला शंभर मीटर उंच चढायला सपाट रस्त्याच्या खर्चावर जेमतेम अर्धा युनिट जास्त लागतं. कुंभार्ली सहा-सातशे मीटर, म्हणजे तीन-साडेतीन युनिट, म्हणजे वीस-पंचवीस किलोमीटरची रेंज वर जाताना जास्त जाते. उतरताना मोटर उलटी चालून वीज परत भरते, त्यातला निम्म्याहून जास्त भाग मिळतो. शिवाय ब्रेक तापत नाहीत, आणि मला विचाराल तर घाटात इलेक्ट्रिक गाडीचं हेच खरं सुख आहे. पेट्रोल गाडीचे ब्रेक पॅड या भागात किती लवकर जातात ते गॅरेजवाल्यांना विचारा. बॅटरी खरी खाते ती शंभराच्या पुढची स्पीड. आपल्या रस्त्यांवर ती फार मिळत नाही, हेही एक बरंच.

पावसात शॉक लागेल का? गन गाडीत नीट बसून गाडी आणि चार्जरचं आपसात 'बोलणं' होईपर्यंत त्यात वीज येतच नाही, त्यामुळे गाडीच्या बाजूची चिंता नको. चिंता पडवीतल्या सॉकेटची करा. झडीचा पाऊस तिरका आत येतो. सॉकेट झाकणाच्या बंद पेटीत, छातीच्या उंचीवर हवं. चार्जरचा डबा जमिनीवर लोळत ठेवू नका, खुंटीला अडकवा.

पुराचं वेगळं. बॅटरीवर आयपी ६७ लिहिलेलं असतं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरेल अशी चाचणी. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी आलं ते अर्ध्या तासात ओसरणारं नव्हतं. तुमचं ऑफिस बाजारपेठेच्या बाजूला असेल तर रेड अलर्टच्या दिवशी गाडी उंचावर लावा किंवा एसटीने या. गाडी बुडालीच तर चालू करून बघायची नाही आणि चार्जरला तर अजिबात लावायची नाही, उचलून वर्कशॉपला न्यायची. विमा घेताना बॅटरी आणि पाण्याचं नुकसान दोन्ही कव्हर आहे का ते वाचा. आणि कृपा करून गाडी समुद्रावर वाळूत नेऊ नका. दर सुट्टीत कोणाची तरी रुतते आणि भरती येते.

खारी हवा हळूहळू काम करते. समुद्राकाठच्या गाड्यांच्या चार्जिंग पोर्टमध्ये टॉर्च मारून बघितलं की पिनांच्या मुळाशी हिरवट थर दिसतो, आणि मग फास्ट चार्जिंग मध्येच तुटायला लागतं. झाकण नेहमी बंद ठेवा आणि पावसाळ्यानंतर एकदा वर्कशॉपमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून घ्या. बॉनेटखालची बारा व्होल्टची छोटी बॅटरी विसरू नका. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी दार उघडत नाही. मांगराशेजारी गाडी लावत असाल तर उंदरांचा बंदोबस्त करा, ते वायरी कुरतडतात. गाडीतल्या नारिंगी वायरला हात लावायचा अधिकार गावातल्या कोणालाच नाही, हे वडिलांनाही सांगून ठेवा. त्या शेकडो व्होल्टच्या असतात.

थांबायचं का? २०२० साली नेक्सॉन ईव्ही आणि एमजी झेडएस आल्या तेव्हा आपल्या बजेटला जेमतेम एक गाडी होती, तीही ३०.२ युनिटची. आज तशी अवस्था नाही. टाटाची टियागो आणि पंच, एमजीची विंडसर, क्रेटा इलेक्ट्रिक, महिंद्राची बीई ६, हॅरियर ईव्ही, कियाची कॅरेन्स क्लाव्हिस, शिवाय मारुतीची ई-विटारा. टेस्लाही जुलै २०२५ मध्ये मुंबईत बीकेसीत दुकान मांडून बसली, पण तिचा आणि आपल्या पाखाडीचा काही संबंध नाही. दोन वर्षांनी गाड्या अजून चांगल्या येतीलच. पण तुम्ही दर महिन्याला दीडशे लिटर पेट्रोल जाळताय, थांबण्याची किंमत तुम्हीच भरणार आहात. महिन्याला चारशे किलोमीटर फिरणारा असता तर मीही थांबा म्हटलं असतं.

तुमच्या जागी मी ४५ युनिटची नेक्सॉन आणि विंडसर या दोन बघेन. विंडसर ३८ आणि ५२.९ युनिटमध्ये येते, मागची सीट वडिलांना आरामाची आहे, पण स्टेपनी नाही, पंक्चर किट आहे. आपल्या रस्त्यावर टायरची बाजू फाटली तर किटचा उपयोग शून्य. नेक्सॉन चढाला आणि खड्ड्यांना जास्त मोकळी. दोन्हींत एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारच्या सेल आहेत, त्या उष्णतेला सोशिक असतात आणि अधूनमधून शंभर टक्के भरल्याच पाहिजेत, तरच मीटर बरोबर दाखवतो. लहान बॅटरीची पंच स्वस्त पडते, पण मुंबईला जाताना दोन थांबे पक्के. क्रेटा बजेटच्या बाहेर जाते.

बॅटरी भाड्याने देण्याच्या योजनेला भुलू नका. २०२४ मध्ये विंडसरबरोबर ती आली तेव्हा किलोमीटरला साडेतीन रुपये होते. तुमच्या सव्वादोन हजार किलोमीटरला जवळजवळ आठ हजार भाडं, वर सहा हजार वीज. पेट्रोलच्या बरोबरीला आलात की! ती योजना कमी फिरणाऱ्यांसाठी.

सर्व्हिसबाबत शोरूमला 'सर्व्हिस मिळते का' असं विचारू नका, 'हो'च म्हणतील. हाय-व्होल्टेजचं प्रशिक्षण घेतलेला माणूस कुठल्या वर्कशॉपला बसतो आणि बॅटरी उतरवायची वेळ आली तर ती तिथेच उतरते की गाडी कोल्हापूर-पनवेलला जाते, हे विचारा. ज्या कंपनीचं उत्तर जवळचं गाव असेल तिला मी शंभर किलोमीटर जास्त रेंजपेक्षा वरचा मान देईन. वॉरंटी बहुतेकांची आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर आहे, काहींनी पहिल्या मालकाला त्याहून पुढे दिली आहे. तुमचं वर्षाचं रनिंग तीस हजारांच्या घरात जाईल, म्हणजे आठ वर्षांच्या आधी किलोमीटर संपतील. तेव्हा किलोमीटरची मर्यादा नसलेली वॉरंटी तुमच्या खऱ्या कामाची.

गाडीतून बाहेर वीज घेता येते का, म्हणजे व्ही-टू-एल आहे का, तेही बघा. निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडात किती दिवस काळोख होता ते आठवत असेल. दिवे, पंखे, फ्रिज यांना दिवसाला चार-पाच युनिट पुरतात, भरलेली गाडी आठवडाभर घर चालवते. त्यासाठी ती वादळाच्या आदल्या रात्री भरून ठेवायची.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमसमोरच्या हायवेवर घेऊ नका. गाडी घरी मागवा. वडिलांना मागे बसवून गुडघे किती वर येतात बघा, कारण खाली बॅटरी असल्याने काही गाड्यांत पायाची जागा उथळ होते. चौघांना बसवून तुमच्या घराकडचा शेवटचा चढ चढवा, खाली कुठे घासते का ते ऐका. आणि पडवीतल्या सॉकेटला लावून अर्धा तास तशीच सोडा. व्होल्टेजची चार रीडिंग, मीटरपासून पार्किंगचं अंतर आणि बिलावरचा मंजूर भार एवढं कळवा, वायर आणि एमसीबीचं बाकी मी सांगतो.